न घडलेल्या घसरणीचा पंचनामा

ज्या गृहस्थाने आयुष्याची चौतीस वर्षे महसूल खात्याच्या निरनिराळ्या तहसील कचेऱ्यांत, परंतु एकाच जातीच्या वेताच्या खुर्चीत बसून काढली. अतिवृष्टी, गारपीट, वीज पडून दगावलेली जनावरे आणि रात्रीतून खचलेल्या भिंती यांचे पंचनामे ज्याच्या नजरेखालून हजारांनी गेले. आणि ज्याची वेगाविषयीची कल्पना नोटीस बजावणीच्या मुदतीपलीकडे कधी धावली नाही, त्याने चारही चाकांनी ओढणाऱ्या एका अतिवेगवान मोटारीवर अभिप्राय द्यावा, हे अधिकारकक्षेचे उघड उल्लंघन आहे, हे मी आरंभीच कबूल करून टाकतो. माझ्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच, की पंचनामा लिहिणारा मनुष्य मूळ घटना घडताना तेथे कधीच हजर नसतो, आणि मी या खेपेस हजर होतो. नुसता हजर नव्हे, तर मोटारीचे चाक माझ्याच हातात होते. एवढे असूनही पंचनाम्यात नोंदवावे असे काहीच घडले नाही. हीच या लेखाची अडचण आहे, आणि तो लिहिण्याचे कारणही हेच.

मोटार माझी नव्हे, भाच्याची. माझी धाकटी बहीण पिशोरला दिलेली. पिशोर म्हणजे कन्नड तालुक्यातले, कन्नडहून सिल्लोडच्या अंगाला, अंजना नदीच्या काठी वसलेले बाजाराचे गाव. मका, कापूस आणि अद्रक ही तेथील त्रिमूर्ती. पुण्या-मुंबईकडचे लोक ज्याला आले म्हणतात त्याला आम्ही अद्रक म्हणतो. याचे व्युत्पत्तिशास्त्रीय कारण काहीही असो. व्यावहारिक कारण असे, की ‘आले’ हे आमच्याकडे क्रियापद आहे, आणि पैशाच्या संदर्भात ते उच्चारण्याचा योग शेतकऱ्याच्या पत्रिकेत क्वचितच असतो. २०२३ साली मात्र अद्रकीच्या भावाने असे काही आभाळ गाठले, की नाम आणि क्रियापद एकाच पोत्यात आले. भाच्याने आधी बापाच्या वेळचे कर्ज फेडले, मग विहीर खोल केली, मग बहिणीच्या लग्नातली उसनवारी चुकती केली. आणि लागोपाठ तीन शहाणपणाची कृत्ये केल्यावर एक वेडेपणा करण्याचा जो हक्क मनुष्यमात्राला निसर्गतः प्राप्त होतो, तो त्याने पुण्याच्या एका सद्गृहस्थाची वापरलेली मोटार विकत घेऊन बजावला.

मोटारीच्या घराण्याचे नाव मी मुद्दामच सांगत नाही; कारण नाव सांगितले की वाचक किंमत आठवू लागतो, आणि किंमत आठवू लागला की पुढचे वाचत नाही. जात मात्र सांगतो : चार दरवाजांची, बसक्या बांध्याची, वरकरणी एखाद्या बँकेच्या शाखाधिकाऱ्याला शोभावी अशी सोज्वळ, आणि नाकाखाली तीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे, टर्बोची फुंकर घातलेले पेट्रोलचे इंजिन. या जातीच्या मोटारी साडेतीनशे ते पावणेचारशे अश्वशक्ती बाळगून असतात आणि उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग पाच सेकंदांच्या आत गाठतात. माझे वडील निजामी अमलातले पटवारी होते. जमाबंदीच्या दिवसांत अव्वल तालुकदाराची स्वारी दौऱ्यावर निघाली, तरी तिच्यासोबत घोडी किती असत, हे ते बोटांवर मोजून दाखवीत. त्या हिशेबाने पाहता, एक भाचा, एक मामा आणि बाजारात दाखवायला घेतलेली अद्रकीची एक पिशवी, एवढ्याच ऐवजासाठी पावणेचारशे घोडी तैनात करणे हा कोणत्याही लेखापरीक्षकाने आक्षेप घ्यावा असा खर्च होता.

यावरून आमच्या जिल्ह्याला उंची मोटारींचे अप्रूप आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. १९८५ पासून वाळूजला बजाजची दुचाकी वाहने तयार होऊ लागली. २००१ साली शेंद्र्याच्या माळावर स्कोडाची ऑक्टाव्हिया जुळवली जाऊ लागली, आणि २००७ पासून त्याच ठिकाणी ऑडीच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. २०१० च्या ऑक्टोबरात तर शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकोपा करून, सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज मोटारी एकगठ्ठा खरेदी केल्या. दीडशे हा आकडा वास्तविक मेंढरांना शोभणारा. मोटारींच्या बाबतीत तो ऐकून तेव्हा सबंध देशाने आमच्याकडे वळून पाहिले होते, आणि आम्ही, ज्यांच्या दारात त्या दीडशेपैकी एकही नव्हती तेसुद्धा, पुढे काही महिने परगावच्या पाहुण्यांशी किंचित मान ताठ करून बोलत होतो.

आता चारही चाकांनी ओढणे म्हणजे काय, हे कळण्यासाठी दोन चाकांनी ओढण्यातली खोड आधी कळली पाहिजे. खळ्यावर मळणीची पात ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवत असेल, की तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी गिरकी घेतो, आणि कडेच्या बैलाला मात्र मोठी प्रदक्षिणा पडते. वळणावर मोटारीच्या आतल्या आणि बाहेरच्या चाकांची गत तीच. त्या दोघांना आपापल्या चालीने फिरता यावे म्हणून आसाच्या मध्यभागी दातेरी चक्रांची जी पेटी बसवलेली असते तिला डिफरन्शियल म्हणतात. पेटी मोठी सोशिक. परंतु सोशिक माणसांत आढळतो तोच दोष तिच्यातही आहे. ज्या चाकाला फिरणे सोपे, त्याच्याच स्वाधीन ती सारी गती करते. एक चाक चिखलात आणि दुसरे कोरड्या डांबरावर असले, तर चिखलातले चाक जागच्या जागी भन्नाट गरगरते, आणि ज्याच्या पायाखाली भक्कम जमीन आहे, ज्याची ओढण्याची पूर्ण तयारी आहे, ते बिचारे हुकमाची वाट पाहत स्वस्थ उभे राहते.

हे भाच्याने मला समजावून सांगितले तेव्हा मला यंत्रशास्त्राचे काही नवे ज्ञान झाले असे वाटले नाही. चौतीस वर्षांची नोकरी एका परिच्छेदात कोणीतरी वाचून दाखवल्यासारखे वाटले. जो जागच्या जागी फिरतो त्याच्याकडे अधिकार, निधी आणि जीप. ज्याचा पाय जमिनीवर आहे त्याच्याकडे खुलासा मागणारे पत्र. परंतु या मोटारीत व्यवस्था उलटी आहे. प्रत्येक चाकापाशी एकेक हेर बसवलेला असून कोणते चाक किती फिरले याची बातमी तो सतत वर कळवीत असतो. एखादे चाक निष्फळ गरगरू लागले, की त्याला तत्काळ ब्रेकचा चिमटा बसतो, आणि जो जोर एरवी बहुतांशी मागच्या आसाकडे जातो, त्यातला हवा तेवढा अनेक चकत्यांच्या एका क्लचमधून पुढच्या आसाकडे वर्ग होतो. ‘वर्ग होतो’ हे दोन शब्द मी सहज लिहून गेलो. पण ज्या खात्यात एक शिपाई एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर वर्ग करायला सहा महिने लागताना मी पाहिले, तेथून निवृत्त झालेल्या माणसाला हे काम डोळ्याची पापणी लवण्याआधी, ना टिपणी, ना शिफारस, ना ‘मान्यतेस्तव सविनय सादर’, अशा प्रकारे उरकते हे पाहून भरून आले, तर वाचकांनी हसू नये.

कल्पना मात्र जुनी आहे. हॉलंडातल्या स्पायकर बंधूंनी १९०३ सालीच चारही चाके ओढणारी मोटार बांधली होती, आणि १९६६ साली इंग्लंडातल्या जेन्सन कंपनीने तशी एक रस्त्यावरची गाडी विक्रीला काढली होती. पण मधल्या काळात हा गुण मुख्यतः लष्कराच्या आणि शेतीच्या वाहनांचा मानला गेला, आणि सभ्य मोटारीने चार पायांवर चालणे अप्रतिष्ठेचे ठरले. मग १९७६-७७ च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फात ऑडीचे अभियंते मोटारींची परीक्षा घेत असता, सोबत नेलेली इल्टिस नावाची अवघ्या ७५ अश्वशक्तीची लष्करी गाडी त्यांच्या दुप्पट बळाच्या मोटारींना मागे टाकून जाऊ लागली. हमालाने पहिलवानाला हरवावे तसा तो प्रकार होता. त्या पराभवातून जी मोटार जन्मली ती १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वाट्रो या नावाने जगापुढे आली. आणि पुढच्याच वर्षी मिशेल मूतों या फ्रेंच बाईने ती चालवून इटलीतली सानरेमोची रॅली जिंकली. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली रॅली एखाद्या स्त्रीने जिंकण्याचा तो पहिलाच प्रसंग. ही हकीकत मी मोठ्या कौतुकाने फोनवर बहिणीला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “त्यात काय एवढं, दादा? चिखलातून डोक्यावर हंडा घेऊन आम्ही जन्मभर आलो. आम्हाला कोणी कप दिला नाही.”

मी स्वतः मोटार चालवायला शिकलो तो तहसिलीच्या जीपवर. तिलाही चारही चाकांनी ओढण्याची विद्या अवगत होती, पण ती विद्या मागून घ्यावी लागे. आधी चिखलात पुरते रुतावे. मग चालकाने देवाचे नाव घेऊन खाली उतरावे. पुढच्या चाकांच्या तबकड्या हाताने फिरवाव्यात. परत चढून गिअरच्या दांड्याशेजारचा छोटा दांडा दोन्ही हातांनी ओढावा. आणि तो बसला नाही तर साहेबांनी खाली उतरून धक्का द्यावा. म्हणजे रीतसर अर्ज, शिफारस, मंजुरी आणि अपील. भाच्याच्या मोटारीत असा दांडा कोठे दिसेना म्हणून मी विचारले, तर तो म्हणाला, “मामा, तिला सांगावं लागत नाही. तिचं तिला कळतं.” सांगितल्यावाचून कळणारी यंत्रणा सरकारी जीवनात मी एकच पाहिली होती, आणि ती दिवाळीच्या बक्षिसीपुरतीच मर्यादित होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी भाचा मला न्यायला आला. आसन इतके खाली, की आत बसणे हे बसणे नसून विहिरीत उतरणे होते. गुडघ्यांनी त्याबद्दल स्वतंत्र निषेध नोंदवला. मी हट्टाने जुन्या रस्त्याने, दौलताबादवरून, गाडी घ्यायला लावली. किल्ल्याच्या तटातल्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच वाहन जाते, आणि समोरचे येऊन जाईपर्यंत पावणेचारशे घोड्यांना, कडब्याच्या गाडीमागे, मान खाली घालून उभे राहावे लागते. ते मला पाहायचे होते. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी याच गावी हलवण्याचा हुकूम काढला होता. वेगाविषयीच्या अवास्तव कल्पनांचे आमच्या परिसराशी नाते तेव्हापासूनचे आहे. वर चढून खुलताबाद आले, तेव्हा मी मलिक अंबराच्या कबरीच्या दिशेने नित्याप्रमाणे हात जोडले. त्याने खडकी वसवली, पुढे तिचे औरंगाबाद झाले, हे सर्वांना ठाऊक असते. पण महसुलाच्या माणसाला तो वंदनीय आहे तो जमिनीची पाहणी आणि प्रत ठरवून बसवलेल्या त्याच्या सारापद्धतीमुळे. कोणती जमीन किती ओढ सोसेल हे पाहून भार वाटून देणे, एवढेच त्याने केले. आणि माझ्या आसनाखाली चार चाकांच्या बाबतीत नेमके तेच काम एक डबी करीत होती.

वेरूळ मागे पडल्यावर रुंद महामार्ग मिळाला, आणि भाच्याने एकदाच, केवळ मामाच्या ज्ञानात भर पडावी म्हणून, उजवा पाय दाबला. काय झाले ते मी क्रमाने सांगू शकत नाही, कारण क्रम राहिलाच नाही. पाठ आसनात रुतली, पोट जागेवर राहून मी पुढे गेलो, आणि इंजिनातून जो आवाज निघाला तो भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे थोडा इंजिनाचा आणि थोडा ध्वनिक्षेपकातून मुद्दाम मिसळलेला होता. वाघाला डरकाळीसाठी ध्वनिक्षेपक लागावा, याचे मला वैषम्य वाटले. पण ते वाटेपर्यंत मोटार कायद्याच्या मर्यादेशी पोचून शांत झालेली होती. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला १०० आणि साध्या रस्त्यावर ७० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे कन्नडच्या पुढे ज्या रस्त्याला आपण लागतो तेथे या मोटारीचे सारे कर्तृत्व तीनेक सेकंदांत संपते, आणि उरलेला अर्धा तास तिने निवृत्त माणसासारखा काढायचा असतो. मला तिच्याविषयी प्रथमच जवळीक वाटली.

त्यात गतिरोधक. भारतीय रस्ते काँग्रेसने गतिरोधकाचे जे प्रमाण ठरवून दिले आहे त्यात उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर आहे. म्हणजे तो उंचवटा नसून जवळजवळ एक विचार असावा. गावोगावचे गतिरोधक या विचाराशी सहमत नाहीत. भाच्याच्या मोटारीचे पोट जमिनीपासून तेरा-चौदा सेंटिमीटरांवर, त्यामुळे प्रत्येक गतिरोधक तिला तिरपी घालून, एकेक चाक चढवीत, नव्या सुनेने उंबरा ओलांडावा तसा ओलांडावा लागे. मी चिडलो नाही. कोणत्या वळणावर कोणाचे पोर गेले, कोणत्या फाट्यावर कोणाची म्हैस, हे मला नोकरीमुळे ठाऊक आहे. आणि गावाने रातोरात टाकलेला प्रत्येक गतिरोधक हा मुरूम आणि डांबर यांत लिहिलेला पंचनामाच असतो. जे घडले त्याची नोंद रस्त्यावर इतकी ठळक, की तिच्यावर मोटारीचे पोट घासावे.

कन्नड ओलांडल्यावर भाचा म्हणाला, “मामा, घ्या आता तुम्ही.” मी दोनदा नाही म्हणालो आणि तिसऱ्यांदा त्याने विचारण्याआधीच उतरून पलीकडे गेलो. चालवण्याविषयीचे माझे निरीक्षण असे, की चाक हातात असताना ही मोटार आपल्यापेक्षा अधिक शिकलेल्या पण विनयशील हाताखालच्या माणसासारखी वागते. आपण ढोबळ सांगावे, तिने नेमके करावे; आणि श्रेय आपल्याकडेच राहू द्यावे. रस्त्यातली बारीकसारीक खबर तिच्या चाकातून तळहाताला कळते, आणि पाठीलाही कळते, कारण आसनाखालच्या कमानी कडक आहेत. बटण दाबून तिचा स्वभाव बदलता येतो : एक बटण मवाळ, एक जहाल. मी मवाळच ठेवले. पावसाळी हवेत जहालपणा करू नये, हे मला काँग्रेसच्या इतिहासावरूनही ठाऊक होते.

पिशोर पाच-सहा किलोमीटर उरले असेल. श्रावणसर नुकतीच येऊन गेलेली. एका डाव्या वळणावर, नुकत्याच शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने, आपल्या चाकांना चिकटून आलेले काळे रान डांबरावर हात दीड हात लांबीच्या ढेपांनी पसरून ठेवले होते. काळी माती ओली झाली की तिच्यावर देव आणि गाढव दोघेही घसरतात. मोटार साठाच्या वेगात होती. शेजारी भाचा अद्रकीच्या कंदकुजीविषयी, आणि त्यावर कोणती बुरशी घातली म्हणजे आराम पडतो याविषयी, सविस्तर सांगत होता. आणि त्याच क्षणी मक्यातून एक रेडकू, जगाविषयी कोणताही पूर्वग्रह नसलेले, रस्त्याच्या मध्यभागी येऊन उभे राहिले.

माझ्या हातून तीन चुका झाल्या, आणि त्या एकामागून एक न होता एकदमच झाल्या. मी चाक उजवीकडे ओढले, घाबरून तसेच डावीकडे ओढले, आणि ब्रेकवर ठेवायचा पाय दुसरीकडे ठेवला. पावणेचारशे घोडी, ओली काळी माती, वळण आणि अव्वल कारकून. या चार गोष्टी एका ठिकाणी आल्यावर पुढे काय व्हायला हवे होते याचा मसुदा माझ्या मनात आपोआप तयार झाला. मयताचे नाव लिहायची जागाही मी सोडली. पण मोटारीच्या बुडाखाली कसलीशी कुजबुज झाली, आपले मूल झोपेत कुशीवर वळावे इतकीच तिने हालचाल केली, आणि ती रेडकाला वळसा घालून, आपल्या बाजूला, सरळ चालू लागली. समोरच्या तबकडीवर, घसरत्या मोटारीचे चित्र असलेला एक पिवळा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. भाचा ‘ट्रायकोडर्मा’ असे म्हणत होता. ‘ट्राय’ला संकट आले आणि ‘डर्मा’ला ते टळले. त्याचे वाक्य मोडले नाही.

मी गाडी कडेला थांबवली. “आत्ता काय झालं?” मी विचारले. त्याने मागे वळून पाहिले, रेडकू पाहिले, आणि म्हणाला, “काही नाही झालं, मामा.”

हे उत्तर खरे होते, पण माझ्या शिस्तीत बसणारे नव्हते. म्हणून तेथेच, खिशातल्या डायरीत, सवयीने, मी खालीलप्रमाणे लिहून काढले : “मौजे पिशोर, तालुका कन्नड. मिती श्रावण वद्य चतुर्दशी, वेळ दुपारी चारचा सुमार. आम्ही खाली सह्या करणार पंच समक्ष हजर राहून लिहून देतो, की जागेची चतुःसीमा : उत्तरेस मक्याचे रान, दक्षिणेस अद्रकीचे वाफे, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस तोच रस्ता. मोजमाप घेता घसरणीची लांबी शून्य. मनुष्यहानी निरंक, पशुहानी निरंक, पिकाचे नुकसान निरंक. साक्षीदार एक, रेडकू, वय अंदाजे चार महिने, याने जबाब देण्याचे नाकारून रवंथ चालू ठेवला. सबब, सदर ठिकाणी घटना घडलेली नसल्याची आमची खात्री झाली आहे.” इतके लिहिल्यावर ध्यानात आले, की हा कागद ठेवण्यासाठी सरकारदरबारी एकही फाईल नाही.

भिंत पडली तर मदत मिळते. न पडलेल्या भिंतीच्या गवंड्याला कोणी पत्र लिहीत नाही. वडिलांची एक गोष्ट मला तेथे आठवली. एका गावी दोन सख्ख्या भावांचा बांध कोरण्यावरून तंटा कुऱ्हाडीपर्यंत येऊन ठेपला होता. वडील भर पावसात तट्टावरून गेले, नकाशा उघडून, साखळी धरून, दोघांच्या देखत हद्दीचा दगड पुन्हा रोवला, आणि संध्याकाळी दोघांच्या घरची भाकरी खाऊन परत आले. त्या वर्षी त्या गावात खून झाला नाही. पुढच्याही वर्षी झाला नाही. वडिलांच्या सेवापुस्तकात त्या दिवसाबद्दल एकच नोंद आहे, आणि ती तट्टाच्या चंदीचा खर्च नामंजूर झाल्याची आहे. ते तट्टू, आता विचार केला म्हणजे लक्षात येते, चारही पायांनी ओढणारे होते. निसरड्या वाटेवर कोणता पाय कोठे घट्ट बसेल हे त्याला सांगावे लागत नसे. आणि त्याच्या कामाचीही नोंद वडिलांच्या कामासारखीच, म्हणजे झाली नाही.

पिशोरात शिरलो तो पोळ्याचा बाजार भरलेला. झुली, घागरमाळा, शिंगांचे बेगड आणि गोंडे यांच्या दुकानांमधून मोटार बैलांच्या चालीने गेली, आणि पारापाशी पोचेपर्यंत तिच्याभोवती मंडळी जमली. पहिला प्रश्न झाला तो अर्थातच, “ॲव्हरेज काय देती, भाऊ?” भाच्याने खरा आकडा सांगितला, तेव्हा मंडळी अशी गप्प झाली, की एखाद्या घरी समाचाराला आल्यासारखे वाटले. एका म्हाताऱ्याने वाकून खाली पाहिले आणि विचारले, “चारी चाकं ओढू राहिले म्हणता, तर मग नेऊन दाखवा बरं शेतात.” या सूचनेला मोठा पाठिंबा मिळाला. एकाने ट्रॅक्टर आणायला पोरगा पाठवला, दुसऱ्याने दोर शोधला. मोटार रुतल्यावर ती काढण्याचा सर्व बंदोबस्त, मोटार रुतण्याच्या अगोदर, इतक्या तत्परतेने झाला, की मला आमच्या खात्याची शरम वाटली. पण भाच्याने हात जोडले. चाके कितीही ओढोत, पोट टेकल्यावर ती हवेत फिरतात, हे तो जाणून होता. त्याने मोटार डांबर सोडून एक वीतसुद्धा खाली नेली नाही. मंडळी निराश होऊन पांगली. एका दिवसात न घडलेली ही दुसरी घटना.

वाड्याच्या दारात बहीण उभी होती. पोळ्याच्या आदल्या सांजेची खांदेमळणी चाललेली. जोडीच्या बैलांचे खांदे शेकून झाले होते, आणि पितळीत हळद आणि लोणी कालवलेले होते. मी उतरता उतरताच रेडकाची हकीकत सांगू लागलो. तिने मध्येच विचारले, “काही झालं नाही ना, दादा?”

“नाही. तेच तर सांगतोय. काहीच झालं नाही, आणि त्याची कोठे नोंदच नाही.”

“नोंद कशाला लागते?” असे म्हणून ती आत गेली, भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आली, दोघांवरून तुकडा ओवाळून लांब टाकला, पायांवर पाणी घातले, आणि मला कळले, की जी फाईल मी कचेरीत शोधीत होतो ती या उंबऱ्यावर रोज संध्याकाळी उघडली जाते, फक्त तिला आवक-जावक क्रमांक नसतो.

मग ती मोटारीकडे वळली. पितळीत हळद-लोणी उरलेले होते. तिने मोटारीला पुढून पाहिले, मागून पाहिले, आणि लेकाला विचारले, “याचा खांदा कोणता रे? जू कुठं बसतं याचं?”

भाचा डोके खाजवू लागला. “तसं नसतं, आई. चारी चाकं ओढतात.”

“मग चौघांचेही मळते,” ती म्हणाली, आणि पदर खोचून, एकेका चाकापाशी बसत, चारी चाकांच्या मध्यभागी तिने हळद-लोणी चोपडले. तिसऱ्या चाकाला पितळी रिकामी होत आली, तेव्हा चौथ्यासाठी तिने दोन्ही बाजूंच्या चाकांवरचे थोडे थोडे बोटाने परत निपटून घेतले.